सगुणेच्या नावावरची डरकाळी

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी कधी डरकाळी विकत घेतली आहे का?

नसेल घेतली. ती महाग असते. म्हणून ज्यांनी घेतली त्यांची गोष्ट आधी ऐका, आणि मग घरी जाऊन काय ते ठरवा.

एका जंगलात, म्हणजे झाडी संपून मोकळा माळ सुरू होतो त्या काठावर, खोकडांची वस्ती होती. खोकड म्हणजे कोल्ह्याची धाकटी जात. अंगानं मांजराहून थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं. उंदीर, खेकडे, नाकतोडे आणि पिकलेली बोरं खाऊन राहणारं साधं जनावर. आवाजही साधाच. ते “खेक” म्हणतं. फारच राग आला तर दोनदा म्हणतं.

या वस्तीत सगुणा नावाची खोकडीण राहायची. सोबत नवरा धोंडू आणि सासू गोदाक्का. त्यांचं बीळ वस्तीत सगळ्यात चांगलं होतं. त्याला तीन तोंडं होती. एक आत येण्याचं, एक बाहेर जाण्याचं, आणि एक नको असलेला पाहुणा आला तर गुपचूप निसटण्याचं. तिन्ही तोंडं सगुणेनं स्वतःच्या पायांनी उकरली होती. उकरताना तिच्या उजव्या पुढच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि एक बोट कायमचं वाकडं झालं. ते बोट लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

खोकडांमध्ये एक रीत होती. नवरा पुढं चालायचा, बायको मागं. पण नुसतं मागं चालून भागत नसे. नवऱ्याचा पाय जिथं पडला, नेमक्या त्याच ठशात बायकोनं आपला पाय ठेवायचा. लग्न झाल्यावर पहिले आठ दिवस गोदाक्का सुनेच्या पाठोपाठ मान खाली घालून फिरली होती.

“अर्धं बोट पुढं पडला बघ. चांगल्या घरच्या सुनेचा ठसा वेगळा दिसत नाही.”

“पण का, आत्याबाई?”

“शिकारी आला तर त्याला वाटतं एकच खोकड गेलं.”

“मग तो मागं लागत नाही?”

“लागतो की. पण एकाच्याच मागं लागतो.”

सगुणेला हे काही पटलं नाही. पण सासूबाईंनाही त्यांच्या सासूबाईंनी एवढंच सांगितलं असणार, हे तिला कळलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. दोन महिन्यांत तिचा पाय न बघताच ठशात पडायला लागला.

दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला टिटवी जंगलाची शिरगणती करायची. ती धुळीतले ठसे मोजायची. त्यामुळे खोकडांची संख्या दरवर्षी कमी भरायची, आणि पाणवठ्यावर त्यांना जागाही तेवढीच मिळायची. याबद्दल कधी कोणी तक्रार केली नव्हती. ज्यांनी करायची, त्या मोजल्याच गेल्या नव्हत्या.

तर, सगळं ठीक चाललं होतं. पण एक दिवस धोंडू टेकडीवर बोरं खायला गेला आणि तिथं त्याला एक पाटी दिसली. पाटीवर लिहिलं होतं: उच्च डरकाळी विद्यालय. दोन वर्षांत डरकाळी. नोकरी हमखास.

विद्यालयाचे प्राचार्य एक सांबर होते. त्यांना स्वतःला डरकाळी फोडता येत नव्हती. पण डरकाळ्या ऐकण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. तीस वर्षं ऐकत आणि पळत आले होते. या विषयावर इतकं बारकाईनं बोलणारं जंगलात दुसरं कोणी नव्हतं.

धोंडू घरी आला तो वेगळाच होऊन आला. समोरचा उंदीर त्यानं अर्धाच खाल्ला.

“सगुणा, जन्मभर खेक म्हणत राहायचं का?”

“माझं भागतंय की.”

“तुझं वेगळं. मला पुढं जायचंय.”

“तुम्ही पुढंच तर असता. मागं मी असते.”

“तुला नाही कळायचं,” धोंडू म्हणाला, आणि उरलेला अर्धा उंदीर खाऊन टाकला.

फी पाचशे चारोळ्या होती. त्या जंगलात चारोळी हेच चलन होतं, आणि पाचशे चारोळ्या खोकडानं कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. पण खारींनी पाहिल्या होत्या. मोहाच्या जुन्या झाडावर खारींची पतपेढी होती. तिच्या व्यवस्थापक झुबकेबाई. शेपूट इतकं मोठं, की ते आधी यायचं आणि मागून बाई.

पतपेढीची पद्धत सोपी होती. झाडाखाली ओल्या मातीची एक वडी ठेवलेली असे. कर्ज घेणाऱ्यानं तिच्यावर उजवा पुढचा पाय दाबायचा. वडी उन्हात वाळवायची आणि ढोलीत ठेवून द्यायची. ज्याचा ठसा, त्याचं कर्ज.

त्या दिवशी धोंडू पतपेढीवर निघाला, आणि त्याच्या मागं सगुणा निघाली. तिला कर्जाचं काही कामच नव्हतं. ती फक्त त्याच्यासाठी चार खेकडे पानात बांधून घेऊन चालली होती. धोंडूनं वडीवर पाय दाबला आणि रुबाबात पुढं गेला. सगुणा मागून आली. तोंडात खेकडे, नजर वर. सवयीनं तिचा पाय पडला तो नेमका त्याच ठशात, त्याच्यावर.

झुबकेबाईंनी वडीकडं पाहिलं. “एकच ठसा आहे ना? झालं तर.”

असं ते कर्ज झालं.

पुढची दोन वर्षं धोंडू टेकडीवर राहिला. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा, खायचा आणि सराव करायचा. पहिल्या वर्षी त्याची डरकाळी शिंकेसारखी यायची. दुसऱ्या वर्षी खोकल्यासारखी. सगुणा त्याला घशासाठी बेहड्याची साल चघळायला द्यायची. दिवसभर एकटीनं उंदीर पकडायची, सासूबाईंच्या कानातल्या गोचिडी काढायची, आणि टेकडीवर डबा पाठवायची.

“एवढं करतेस,” शेजारची खोकडीण म्हणाली, “तुला काय मिळणार?”

“त्यांना मिळालं म्हणजे मला मिळालंच,” सगुणा म्हणाली. आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली, मुलांनो. त्यात तिचं काही चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

दोन वर्षांनी धोंडूला प्रमाणपत्र मिळालं आणि लगोलग नोकरीही मिळाली. ती खुद्द वाघाच्या दरबारात. वाघ आता म्हातारा झाला होता. ऊन वर येईपर्यंत तो उठत नसे. पण जंगलाला रोज सकाळी डरकाळी ऐकायची सवय होती. म्हणून सकाळच्या पाळीला कोणीतरी खडकावर चढून वाघाच्या वतीनं डरकाळी फोडायची, एवढंच काम होतं. पगार महिन्याला शंभर चारोळ्या. वर राहायला सावलीची कपार.

नोकरी लागल्यावर धोंडूनं पहिल्यांदा नाव बदललं. धोंडूचा तो धैर्यशील झाला. मग तो घरी आला. बिळात शिरला नाही, तोंडाशीच उभा राहिला.

“सगुणा, आपले सूर जुळत नाहीत.”

“म्हणजे?”

“मी डरकाळतो. तू खेक म्हणतेस. चारचौघांत कसं दिसतं ते?”

“मी हळू म्हणेन.”

“तसं नाही ते.”

मग तिनं विचारलं, “जेवून जाणार का?”

तो जेवून गेला.

त्या जंगलात लग्न मोडायचं तर काडी मोडत. वाळक्या काडीचं एक टोक नवऱ्यानं दातात धरायचं, एक बायकोनं, आणि ओढायचं. काडी मोडली की लग्न मोडलं. त्यांची काडी कट्कन मोडली. धैर्यशील आपला तुकडा थुंकून टेकडीकडं चालू लागला आणि जाता जाता आईला म्हणाला, “चल.”

“कुठं?” गोदाक्का म्हणाली.

“माझ्या कपारीत.”

“खडकावर माझे गुडघे दुखतात.”

“अगं, आता आमची काडीमोड झाली.”

“तुमची झाली,” गोदाक्का म्हणाली. “माझी नाही.” आणि ती वळून बिळात गेली. येण्याच्या तोंडानं गेली, जाण्याच्या नाही.

आठ दिवसांनी झुबकेबाई आल्या. आधी शेपूट आलं.

“कर्जाचा पहिला हप्ता,” त्या म्हणाल्या.

“ते टेकडीवर असतात,” सगुणा म्हणाली.

“त्यांच्याकडं जाऊन आले. ते म्हणतात ठसा बघा.”

ठसा बघितला. मातीच्या त्या वाळलेल्या वडीवर एक वाकडं बोट स्पष्ट उमटलं होतं.

प्रकरण गव्याकडं गेलं. गवा हा त्या जंगलाचा न्यायाधीश. त्याला नेमलं होतं, कारण निकाल देण्याआधी तो रवंथ करायचा, आणि रवंथ करताना तो फार विचार करतोय असं वाटायचं.

“महाराज,” धैर्यशील म्हणाला, “शिक्षण माझं आहे हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. पण शिक्षणाची वाटणी होत नाही, म्हणून ते माझ्याकडंच राहू द्या. कर्ज मात्र ज्याच्या पायाचं, त्याचं.”

“महाराज, मी त्या शाळेची पायरीसुद्धा चढले नाही,” सगुणा म्हणाली.

“कर्ज काढलंत आणि शाळेत गेला नाहीत,” गवा म्हणाला. “हा निष्काळजीपणा झाला. त्याला पतपेढी काय करणार?”

“पण घर मी चालवलं. दोन वर्षं उंदीर मी धरले.”

“पुरावा?”

“ते खाल्ले, महाराज. यांनीच खाल्ले.”

“म्हणजे पुरावा शिल्लक नाही,” गवा म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटून रवंथ सुरू केलं. रवंथ संपल्यावर त्यानं निकाल दिला. शिक्षणासाठी कर्ज काढणारी सगुणा, ठसा सगुणेचा, कर्ज सगुणेचं. हप्ते थकले तर पतपेढीनं बीळ ताब्यात घ्यावं.

सगुणा घरी आली. बिळाच्या तिन्ही तोंडांशी जाऊन एकेकदा उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्यांची बिळं उकरून द्यायला लागली. घोरपडीला एक उकरून दिलं. सशांच्या घरात माणसं फार, त्यांना चार खोल्यांचं दिलं. साळिंदराचं बीळ रुंद करताना पाठीत तीन काटे घुसले. ते काढायला गोदाक्काला पूर्ण एक दुपार लागली.

“हलू नकोस.”

“दुखतंय, आत्याबाई.”

“दुखणारच. काटा आहे तो, मोरपीस नाही.” मग गोदाक्का म्हणाली, “तो कधी येऊन गेला का?”

“कोण?”

“कोण म्हणजे. धैर्य का काय ते.”

“नाही.”

गोदाक्कानं तिसरा काटा जरा जोरात ओढला.

चौदा हप्ते असे गेले. पंधराव्याच्या वेळी सगुणेचा तो वाकड्या बोटाचा पाय सुजला आणि उकरणं बंद पडलं. हप्ता चुकला. पुढचाही चुकला. झुबकेबाई आल्या आणि नोटीस येण्याच्या तोंडाशी लावून गेल्या. पंधरा दिवसांत पैसे, नाहीतर बीळ. जाण्याआधी त्यांनी सगुणेला चांगल्या मनानं एक सल्ला दिला.

“मी म्हणते, शिक्षणाचं कर्ज काढलंत, तर शिकल्यासारखी नोकरी का करत नाही? उकरायचं काम काय करता? तुमची ती डरकाळी कुठंय?”

“माझी कुठली डरकाळी, बाई,” सगुणा म्हणाली.

झुबकेबाई गेल्या. गोदाक्का कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर केली.

“काय म्हणाली ती?”

“चेष्टा करून गेल्या.”

“नाही. पुन्हा सांग. काय म्हणाली?”

सगुणेनं पुन्हा सांगितलं. गोदाक्का उठली आणि बिळाबाहेर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा सगुणेनं कधी पाहिला नव्हता असा झाला होता. सासूबाई तिच्यासमोर बसल्या आणि जमिनीकडं बघत बोलू लागल्या.

“ठशात पाय ठेवायला तुला मी शिकवलं. मी शिकवलं नसतं, तर त्या मातीवर तुझा पाय पडलाच नसता. तू बाजूनं चालत गेली असतीस.”

“असू द्या, आत्याबाई. रीतच होती ती.”

“रीत होती म्हणून काय झालं? बीळ तुझं जातंय. रीतीचं कुठं जातंय?” गोदाक्का म्हणाली. “उद्या गव्याकडं जायचं. बोलायचं मी. तू फक्त पाय दाखवायचा.”

दुसऱ्या दिवशी गव्यासमोर सगळे जमले. धैर्यशीललाही बोलावणं गेलं होतं. तो मान ताठ ठेवून आला. त्याचे प्राचार्यही आले होते. एवढी गर्दी बघून प्राचार्यांना सारखं पळावंसं वाटत होतं. पण पदाचा मान ठेवून ते उभे राहिले.

“महाराज,” गोदाक्का म्हणाली, “कर्ज कोणी काढलं?”

“सगुणेनं,” गवा म्हणाला. “निकाल दिलेला आहे.”

“कशासाठी काढलं?”

“शिक्षणासाठी.”

“मग ते शिक्षण कोणाचं?”

गवा रवंथ करायला लागला. त्याला एका गोष्टीचं फार वावडं होतं. आपला जुना निकाल चुकला असं म्हणायचं त्याच्या जिवावर येत असे. त्यानं प्राचार्यांकडं पाहिलं.

“तुमच्या विद्यालयात कोण शिकलं?”

“आमच्याकडं फी भरणाऱ्याच्या ठशाची नोंद असते,” प्राचार्य म्हणाले. “पतपेढीनं दिलेली. ही पाहा. बोट वाकडं आहे.”

“सर,” धैर्यशील म्हणाला, “मी दोन वर्षं तुमच्या वर्गात पहिल्या ओळीत बसत होतो.”

प्राचार्यांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. “चेहरा ओळखीचा वाटतो. पण आम्ही हजेरी घेत नाही. विद्यार्थ्यांवर आमचा विश्वास आहे.”

“मग मी डरकाळी फोडून दाखवतो,” धैर्यशील म्हणाला. आणि त्यानं खरंच फोडली. ती काही वाईट नव्हती. दोन वर्षांची मेहनत होती ती, आणि सगुणेच्या बेहड्याची साल होती. प्राचार्य सवयीनं चार उड्या मारून झुडपात गेले आणि थोड्या वेळानं परत आले.

“आता तुम्ही,” गवा सगुणेला म्हणाला.

“मला येत नाही, महाराज.”

“प्रयत्न करा.”

“खेक,” सगुणा म्हणाली.

गव्यानं आपल्या कारकून कावळ्याला नोंद घ्यायला सांगितली: दोन्ही बाजूंनी आवाज केला.

“महाराज,” सगुणा पुढं येऊन म्हणाली, “मला डरकाळी नको. नोकरी नको. त्यांनी शिक्षण घेतलं, त्यांनी कर्ज फेडावं, आणि माझं बीळ मला राहावं. एवढंच मागणं आहे. त्यात कोणाचं काही जात नाही.”

मुलांनो, इतकं सरळ बोलणं त्या न्यायालयात पूर्वी कोणी केलं नव्हतं. गवा रवंथ करायचा थांबला. त्याला वाईटसुद्धा वाटलं असावं.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्ही न्याय मागताय. न्याय द्यायचा तर मला जुना निकाल बदलावा लागेल. ते होणार नाही. तुम्ही नोकरी मागितलीत तर लगेच देता येईल.”

सगुणेनं गोदाक्काकडं पाहिलं. गोदाक्कानं मान हलवली.

“मग नोकरी द्या,” सगुणा म्हणाली.

गव्यानं निकाल दिला. ज्याचं कर्ज त्याचं शिक्षण, ज्याचं शिक्षण त्याचं प्रमाणपत्र, ज्याचं प्रमाणपत्र त्याची नोकरी. सकाळच्या पाळीची डरकाळी उद्यापासून सगुणेच्या नावावर. पगारातून हप्ते जावेत. बीळ तिच्याकडंच राहावं.

“पण तिला डरकाळी येतच नाही,” धैर्यशील म्हणाला.

“नोकरीच्या अटीत प्रमाणपत्र असं लिहिलंय,” गवा म्हणाला. “डरकाळी असं कुठं लिहिलेलं नाही.”

धैर्यशीलची मान पहिल्यांदाच खाली गेली. तो आईजवळ आला.

“आता मी काय करायचं, आई?”

“खेक म्हणायचं,” गोदाक्का म्हणाली. “ते तुला मी फुकटात शिकवलंय.”

मग सासू आणि सून घरी निघाल्या. गोदाक्का पुढं होती. सगुणेनं सवयीनं तिच्या ठशाकडं पाय नेला.

“बाजूनं चाल,” गोदाक्का मागं न बघता म्हणाली. “वाट रुंद आहे.”

वस्तीतल्या सगळ्या खोकडिणी तो निकाल ऐकून आल्या होत्या. त्यांच्या मनात एकच भीती होती. ठशात पाय ठेवला तर नवऱ्याचं कर्ज आपल्यावर येईल. त्यांच्या नवऱ्यांनीही निकाल ऐकला होता. त्यांच्या मनात दुसरी भीती होती. बायकोनं ठशात पाय ठेवला तर आपली नोकरी जाईल. दोन्ही बाजूंचं इतक्या लवकर एकमत त्या वस्तीत कधी झालं नव्हतं. दिवस मावळायच्या आत ठरलं, की इथून पुढं ज्यानं त्यानं आपापल्या पायानं चालायचं, वीतभर अंतर ठेवून.

तात्पर्य: शिक्षण घेण्यात उगाच वेळ घालवू नये. ते कोणाच्या पायानं घेतलं जातंय, तेवढं वेळेवर बघून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा खडकावर चढली, वाघाच्या वतीनं “खेक” म्हणाली, आणि सवयीप्रमाणे सगळी सांबरं पळाली. त्याच सकाळी टिटवी शिरगणतीला आली, तिनं माळावरचे ठसे मोजले, आणि एकही नवीन पिल्लू जन्मलं नसताना खोकडांची संख्या दुप्पट भरली.